चिंता व्यक्त करून झाली, आता नियम पुरे करा

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य आणि उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,



ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका कार्यक्रमात आपण ऑनलाइन विक्रीबद्दल बोललात. ते भाषण आमच्याकडच्या किराणा दुकानदारांनी एकमेकांना पाठवून पाठवून ऐकले. दहा वर्षांत देशातली निम्मी बाजारपेठ ऑनलाइन गेली तर ती मिरवण्याची नव्हे, काळजीची गोष्ट ठरेल, असा आपला सूर होता. परदेशी कंपनी अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर करते तेव्हा ती आपल्यावर उपकार करत नसते, स्वतःचा तोटा भरून काढत असते, असेही आपण म्हणालात. एवढा तोटा होतो कसा, पडेल भावात माल विकून समोरच्याला संपवण्याचा हा डाव तर नाही ना, अशी शंकाही आपण बोलून दाखवलीत. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की सरकारचा ऑनलाइन व्यापाराला विरोध नाही, व्यवहार सचोटीचा हवा एवढेच म्हणणे आहे.

दोन्ही दिवशी आपण बोललात ते मला पटले. खटकले ते एवढेच की ही चिंता देशाचे वाणिज्य मंत्री व्यक्त करत होते. चिंता आम्ही करायची असते. आपण नियम करायचे असतात.

मी व्यापारी नाही, कुठल्या व्यापारी संघटनेचा पदाधिकारीही नाही. बार्शीत राहतो. महिन्याचे वाणसामान कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो आणि बाकी पुष्कळ काही फोनवरून मागवतो. त्यामुळे ऑनलाइन खरेदी बंद करा, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणारे बहुतेक जण मोठ्या शहरात राहतात. पुण्या-मुंबईत ऑनलाइन ही एक सोय आहे, तालुक्याच्या गावात ती कित्येकदा एकमेव वाट असते. अकरा नंबरचा बूट, जुन्या मिक्सरचे भांडे, स्पर्धा परीक्षेचे एखादे पुस्तक, घरी साखर तपासायच्या पट्ट्या, यांतले काहीही हवे असले की ‘मागवून देतो’ या आश्वासनावर पंधरा-पंधरा दिवस लटकायचे, ही आमची जुनी रीत. आणि बायकांना विचारून पाहा. भर पेठेत, ओळखीच्या पुरुष दुकानदारापुढे, मागे गिऱ्हाइके उभी असताना अंतर्वस्त्रांचे माप सांगायचे, हे ज्यांनी वर्षानुवर्षे केले त्यांना घरी येणाऱ्या बंद पार्सलचे मोल कळते. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या हे कधी ध्यानातही आले नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानादुकानांत टांगलेली असायची. ग्राहक संघटनांनी घसा कोरडा केला तरी ती हलली नाही. ती उतरली ऑनलाइनच्या धास्तीने. या धक्क्याची गरज होती, हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

हा व्यापार वाढला कसा, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. २००७ मध्ये बंगळूरमध्ये पुस्तके विकायला निघालेली फ्लिपकार्ट, २०१३ मध्ये आलेली ॲमेझॉन, ही नावे सगळ्यांना पाठ आहेत. माझ्या मते खरी कळ फिरवली ती २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘माल हातात आल्यावर पैसे’ या पद्धतीने. न पाहिलेल्या माणसाला आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, हा आपल्याकडचा पिढीजात शहाणपणा. कंपन्यांनी त्याच्याशी भांडण न मांडता त्याच्यापुढे मान तुकवली. पुढे २०१६ मध्ये एकाच वर्षात यूपीआय आले, जिओचे स्वस्त इंटरनेट आले आणि नोटाबंदीही आली. चार वर्षांनी टाळेबंदीने उरलेसुरले कुंपण पाडले. आजही देशाच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच आहे. म्हणजे नियम घालायला वेळ अजून गेलेली नाही. पण फार उरलेलीही नाही.

आता मुख्य तक्रार. डिसेंबर २०१२ आठवा. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणूक येऊ द्यायची की नाही, यावर संसदेच्या दोन्ही सभागृहांत चर्चा आणि मतदान झाले. आपण तेव्हा महाराष्ट्रातून राज्यसभेवर होता आणि आपल्या पक्षाने त्या निर्णयाला कडाडून विरोध केला होता. त्या धोरणात अटी तरी होत्या. राज्याची संमती हवी, शहर दहा लाख वस्तीचे हवे, तीस टक्के खरेदी लघुउद्योगांकडून हवी. मतदानात सरकार तरले, पण त्या दारातून पुढे फारसे कोणी आत आले नाही. टेस्कोने टाटांच्या ट्रेंटबरोबर केलेली भागीदारी हाच काय तो ठळक अपवाद.

परदेशी भांडवल आले ते दुसऱ्याच दाराने. मार्च २०१६ मध्ये आपल्या मंत्रालयाने एक प्रेस नोट काढली आणि ऑनलाइन ‘मार्केटप्लेस’मध्ये शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा दिली. अट अशी की कंपनीने स्वतःचा माल विकायचा नाही, विक्रेता आणि ग्राहक यांची फक्त गाठ घालून द्यायची, भावावर प्रभाव टाकायचा नाही, आणि एकाच विक्रेत्याकडून पंचवीस टक्क्यांहून जास्त विक्री होऊ द्यायची नाही. संसदेत चर्चा नाही, राज्यांची संमती नाही, लघुउद्योगांची टक्केवारी नाही. ५१ टक्क्यांसाठी देश ढवळून निघाला होता, १०० टक्के एका परिपत्रकावर पार पडले.

कंपन्यांनी अट पाळली, पण आपल्या पद्धतीने. ज्या विक्रेत्यांत त्यांची स्वतःची भागीदारी होती, असे मोजके विक्रेते पुढे झाले. क्लाउडटेल हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. डिसेंबर २०१८ मध्ये, मे महिन्यात वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्ट घेतल्यावर, दुसरी प्रेस नोट निघाली. जिथे भागीदारी आहे त्या विक्रेत्याचा माल कंपनीच्या मंचावर चालणार नाही, असे तिने बजावले. १ फेब्रुवारी २०१९ पासून ती लागू झाली. क्लाउडटेलचा गाशा गुंडाळला गेला तो मे २०२२ मध्ये. नियमाचे अक्षर पाळायला सव्वातीन वर्षे लागली, आणि त्याचा हेतू पाळला जातो का, हे कोण पाहते ते मला आजवर कळलेले नाही.

स्पर्धा आयोग आपल्या अखत्यारीत नाही, हे मी जाणतो. पण वेळेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला जानेवारी २०२० मध्ये. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळवली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी रोखायला नकार दिला. तपास अहवाल तयार व्हायला २०२४ उजाडले. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याचे त्यात म्हटले असल्याच्या बातम्या आल्या, आणि प्रकरण पुन्हा न्यायालयांच्या दारात गेले. तेवढ्या काळात किराणा दुकानदाराच्या मुलाने शिक्षण संपवून, दुकानात न बसण्याचा निर्णय घेऊन, पुण्याला नोकरीही धरली.

आता त्या दुकानदाराच्या गल्ल्याकडे येऊ. लोकांना वाटते त्याचे दुखणे म्हणजे ॲपवरची सूट. ते खरे दुखणे नाही. डी-मार्टच्या सुटीशी त्याने वर्षानुवर्षे झुंज दिली आणि तो टिकला. त्याचे दुखणे खरेदीच्या भावात आहे. वितरकाकडून साबणाची पेटी त्याला ज्या दराने पडते, त्याहून कमी दराने तोच साबण ॲपवर गिऱ्हाइकाला मिळतो. आठ-दहा टक्क्यांवर चालणाऱ्या धंद्यात तो यात कुठे कपात करणार? मग तोही हुशारी करतो. सेल लागला की बायको, भाऊ, मेहुणा अशा चार नावांवर ऑर्डरी टाकतो आणि आलेला माल आपल्याच फळीवर मांडतो. वितरकाचा माणूस ऑर्डर घ्यायला आला की ‘या वेळी नको’ म्हणून त्याला वाटेला लावतो. वितरक चिडतो, कंपनीला जाब विचारतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल उचलणे बंद केले, ते याच भांडणातून. घाऊक विक्रीच्या नव्या ऑनलाइन कंपन्यांना एक दर आणि आम्हाला दुसरा, हे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या विषयातला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे आणि सरकारी कागदांत तो जवळपास कुठेच सापडत नाही. भरपूर माल उचलणाऱ्याला थोडा स्वस्त मिळणार, हे कोणीही मान्य करील. पण ती सूट किती, कशावर, आणि तेवढाच माल दहा दुकानदारांनी मिळून उचलला तर त्यांनाही ती मिळेल का, हे उघड व्हायला हवे. आज ते कंपनी आणि मंच यांच्यातले गुपित आहे.

वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये दावा केला की वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद पडली. हा सरकारी आकडा नाही, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. मात्र दुकान बंद पडते तेव्हा फक्त एक शटर खाली येत नाही, हे आमच्या भागात डोळ्यांना दिसते. आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी वाणसामान येते ते वहीवर. उडीद-सोयाबीन विकले की खाते मिटते, पाऊस दगा देऊन गेला तर पुढच्या सुगीपर्यंत थांबते. या उधारीत व्याज नसते असे नाही, ते भावात मिसळलेले असते. दुकानदार काही संत नव्हे. पण हप्ता चुकला म्हणून तो कुणाच्या नावापुढे कायमची खूण करत नाही. फोनवरच्या ‘आत्ता घ्या, नंतर द्या’चा हप्ता चुकला की पतमानांकनात नोंद होते आणि पीककर्जाच्या वेळी बँकेच्या खिडकीवर ती निघते. एक गेले आणि दुसरे आले, अशी ही सरळ अदलाबदल नाही.

विकणाऱ्यांचे काय? ऑनलाइनमुळे गावचा माल देशभर जाईल, असे आपण आणि आपले सहकारी नेहमी सांगता. जावा, जरूर जावा. सावंतवाडीच्या एखाद्या बचत गटाचे उदाहरण घ्या. त्या बायका आमसुले, कोकम आगळ, मालवणी मसाला करतात. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या पुष्कळ खाली, त्यामुळे एरवी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचावर विकायची सवलत मिळाली, चांगलेच झाले. पण ती राज्याच्या हद्दीपुरती. म्हणजे या बायका मसाल्याचे पाकीट थेट गडचिरोलीला पाठवू शकतात, पण शेजारच्या पेडण्याला नाही, कारण पेडणे गोव्यात आहे. तिथे एक पाकीट पाठवायचे तरी नोंदणी, विवरणपत्रे, सल्लागाराची फी. जीएसटी हे आपले खाते नाही, परिषदेचा विषय आहे, हे मान्य. पण ‘एक देश, एक बाजार’ ही घोषणा आपल्या सरकारचीच आहे.

आणि हे खाते तर आपलेच आहे: भौगोलिक मानांकन. सोलापुरी चादरीला ते आहे, पैठणीला आहे, कोल्हापुरी चपलेला तर महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे मिळून आहे. आता कुठल्याही मंचावर ‘पैठणी’ असे टाइप करा. हजाराच्या आतल्या साड्यांची रांग लागते. येवल्यात हातमागावर बसलेला विणकर त्या भावात रेशीमही आणू शकत नाही. गिऱ्हाईक स्वस्त साडी घेत असेल तर खुशाल घ्यावी, तिला पैठणी म्हणून विकू नये, एवढीच अपेक्षा. मानांकन मिळवायला कागदपत्रे, पुरावे, इतिहास, सगळे द्यावे लागते. ते नाव वापरून ऑनलाइन माल मांडायला काहीच लागत नाही. मानांकित नावाने माल मांडणाऱ्याकडून अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक घ्यावा आणि तो ग्राहकाला दिसावा, एवढे साधे बंधन मंचांवर घालायला काय हरकत आहे? ज्या यंत्रणेला मी काल काय पाहिले ते आठवते, तिला एक क्रमांक तपासणे जड जाणार नाही.

दहा मिनिटांत घरपोच हा मामला अजून मुख्यतः मोठ्या शहरांचा, म्हणून त्यावर थोडेच लिहितो. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या आणि पुण्यातल्या बालेवाडीच्या एकेका ‘डार्क स्टोअर’चा परवाना स्थगित केला. दुकानात गिऱ्हाईक शिरतच नसेल तर त्याची स्वच्छता पाहणारे डोळे फक्त निरीक्षकाचे उरतात, आणि निरीक्षक किती आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये आपण नवउद्योजकांना विचारले होते की आपण डिलिव्हरी करणारी पोरे-पोरी होऊनच समाधान मानायचे का. प्रश्न कंपन्यांच्या मालकांना होता, टोचला मात्र तो दुचाकीवरच्या पोरांना. नीती आयोगाच्याच २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये डिलिव्हरीसह सगळ्या प्रकारचे गिग कामगार ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, हे २०२० च्या संहितेत लिहिले गेले. ती संहिता लागू झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. पाच वर्षे!

महोदय, या पत्रात वारंवार दिसणारी गोष्ट हीच आहे. आपल्याकडे विचार लवकर होतो, मसुदाही निघतो, मग तो बसून राहतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये, सुरेश प्रभू वाणिज्य मंत्री असताना, राष्ट्रीय ई-कॉमर्स धोरणाचा मसुदा आला. त्याच वर्षी मे महिन्यात मंत्रालय आपल्याकडे आले, मसुदा मसुदाच राहिला. जून २०२१ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांत दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. फसव्या ‘फ्लॅश सेल’ना आळा, मंचांशी संबंधित कंपन्यांना विक्रेते म्हणून मनाई, अशा त्या कडक दुरुस्त्या होत्या. ग्राहक व्यवहार खातेही तेव्हा आपल्याकडेच होते. त्यांचेही पुढे काही झाले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, ती मात्र पूर्ण झाली, त्याचे श्रेय आपल्याला दिलेच पाहिजे. ती पाळली जातात का, हे बिल भरताना शेवटच्या पानावर अचानक उगवणाऱ्या शुल्कांकडे पाहून ठरवावे.

यावर उत्तर म्हणून ओएनडीसीकडे बोट दाखवले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेली ही व्यवस्था मला मनापासून आवडते. कुठल्याही ॲपवरच्या गिऱ्हाइकाला कुठल्याही ॲपवरचे दुकान दिसावे, ही कल्पना यूपीआयच्या घराण्यातली. पण यूपीआयमध्ये पैसा पाठवायला टेम्पो लागत नाही. इथे साबणाची पेटी उचलावी लागते, पोचवावी लागते, परत आली तर भांडणही मिटवावे लागते. ते कोणी करायचे याचे उत्तर मिळाल्याशिवाय आमच्या दुकानदाराला तिचा उपयोग नाही. एकत्र येऊन खरेदी करायचे मार्ग महाराष्ट्राला नवे नाहीत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून, दुकानाशिवाय, महिन्याचे सामान एकत्र मागवून वाटते. तिथे ॲप नव्हते, यादीचा कागद होता. तालुक्यातल्या पन्नास दुकानदारांनी याच धर्तीवर कंपनीकडून थेट खरेदी करायची ठरवली तर त्यांना गोदाम, कर्ज आणि मुख्य म्हणजे मोठ्या मंचाला मिळतो तोच दर मिळेल, अशी तरतूद धोरणात करता येईल. ओएनडीसीला पाय फुटतील ते तिथे.

दुकानदारांना संरक्षण द्या, असे मी लिहीत नाही. ज्याचे वजन खोटे, ज्याचा माल शिळा, ज्याची जीभ कडू, ते दुकान बंद पडले तर पडू द्या. स्पर्धा होऊ द्या. फक्त एकाला परदेशातून येणाऱ्या पैशावर वर्षानुवर्षे तोटा सोसता येतो आणि दुसऱ्याला महिनाअखेर वितरकाचा चेक वटवावा लागतो, या दोघांत पंच कोण, ते ठरवा. भावाच्या सवलती उघड करायला लावा. मानांकनाचा क्रमांक सक्तीचा करा. सावंतवाडी-पेडण्याची भिंत पाडायला अर्थमंत्र्यांना पत्र लिहा. परदेशी गुंतवणुकीच्या अटी कोण मोडतो हे तपासणारा एक अधिकारी नेमा आणि त्याचा अहवाल दरवर्षी संसदेत ठेवा.

आणि सगळ्यात आधी तो २०१९ चा मसुदा काढा. काळाप्रमाणे बदला, संसदेत मांडा, २०१२ सारखी दोन दिवस चर्चा होऊ द्या. आपण आता उत्तर मुंबईतून थेट लोकांनी निवडून दिलेले खासदार आहात. बोरिवली, कांदिवली, मालाडमध्ये किराणा दुकाने भरपूर आहेत, ॲपवरून मागवणारी घरे त्याहून जास्त. दोघेही आपले मतदार आहेत आणि दोघांनाही नियम काय आहेत ते कळायला हवेत. पुढच्या दिवाळीचे सेल लागण्याआधी हे धोरण जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
बार्शीचा एक ग्राहक